कुकूचीं प्रचंड घड्याळें

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत सूचिपर्णी वृक्षांनीं गर्द झांकलेला एक डोंगराळ प्रदेश आहे. जर्मन लोक त्याला श्वार्त्सवाल्ड म्हणतात, इंग्रजी जाणणारे ब्लॅक फॉरेस्ट म्हणतात. दोहोंचाहि अर्थ काळें अरण्य असाच आहे. ह्या अरण्यांत ट्रिबर्ग आणि शोनाख हीं दोन लहान गांवें अगदीं शेजारीं शेजारीं वसलेलीं आहेत. जगांतील सर्वांत मोठें कुकूचें घड्याळ कोठें आहे, असें एखाद्या प्रवाशानें तेथें विचारलें, तर त्याला दोन्ही गांवांचीं नांवें ऐकावीं लागतात. शोनाखचें घड्याळ १९८० सालीं पुरें झालें, तें पहिलें. ट्रिबर्गचें १९९४ मध्यें उभें राहिलें. तें त्याहून मोठें, आणि १९९७ सालीं गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. तेव्हां एकाला वयाचा मान आहे, दुसऱ्याला आकाराचा. आणि प्रवासी दोन्ही पाहूनच पुढें जातो, त्यामुळें गांवांचें कांहीं बिघडत नाहीं.

हीं घड्याळें भिंतीवर टांगण्याचीं नव्हेत. तीं घरेंच आहेत. घराच्या दर्शनी भिंतीवर तबकडी आणि कांटे, छपराखालीं एक दार, आणि तास भरला कीं त्या दारांतून मोठा लांकडी पक्षी बाहेर येऊन मान लववितो व दोन सुरांची हांक घालतो. मागच्या बाजूनें आंत शिरलें, कीं गिरणींतल्यासारखीं मोठमोठीं दांत्यांचीं चाकें फिरतांना दिसतात.

शहरांतून मोठीं घड्याळें उभारण्याची चाल जुनी आहे. मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. त्यावरील घड्याळाचा हेतु उघड होता: ज्याच्या खिशांत घड्याळ नाहीं त्यालाहि वेळ कळावी. कुकूच्या प्रचंड घड्याळांचा हेतु असा नाहीं. तीं उभीं राहिलीं तेव्हां बहुतेक पाहणाऱ्यांच्या मनगटावर घड्याळ होतें, आणि आज तर प्रत्येकाच्या हातांतील दूरध्वनींतच तें असतें. वेळ पाहण्यासाठीं तेथें कोणी जात नाहीं. मग इतकें लांकूड, इतके श्रम आणि इतका पैसा गांवोगांवच्या लोकांनीं कशासाठीं खर्चिला? ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या घड्याळाच्या इतिहासांत सांपडतें. आणि तो इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, पोटाची चिंता उभी राहिली कीं माणसें पुन्हां पुन्हां ह्या पांखराकडे वळलेलीं आहेत.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, कुकूचें घड्याळ स्वित्झर्लंडांत जन्मलें. १९४९ सालच्या 'द थर्ड मॅन' ह्या प्रसिद्ध चित्रपटांतील एका संवादानें हा गैरसमज अधिकच दृढ केला. वस्तुतः तें स्विस नाहीं. आणि गंमत अशी कीं, त्याचा पहिला उल्लेख काळ्या अरण्यांतीलहि नाहीं. १६२९ सालीं आउग्सबुर्गच्या फिलिप हाइन्होफर नांवाच्या गृहस्थानें सॅक्सनीच्या राजधानींत, ड्रेस्डेन येथें, तेथील अधिपतीच्या संग्रहांत असलेल्या कुकूच्या घड्याळाचें वर्णन करून ठेवलें आहे. १६५० मध्यें अथानासिउस किर्खर ह्या विद्वान् जेझुइट पाद्र्यानें आपल्या संगीतविषयक ग्रंथांत यांत्रिक कुकूची रचना दिली. काळ्या अरण्यांत हें पांखरूं कसें आलें, ह्याविषयीं दोन जुने वृत्तांत आहेत. १७९६ सालीं लिहिणारा फ्रान्त्स श्टाइरर म्हणतो कीं, १७४२ च्या सुमारास फेरीवर गेलेल्या दोन घड्याळविक्यांना एक बोहेमियन व्यापारी भेटला. त्याच्याजवळ लांकडी कुकूचीं घड्याळें होतीं, तीं पाहून त्यांनीं तशींच घरीं बनविलीं. १८१० सालीं लिहिणारा मार्कुस येक हा मान शोनवाल्डच्या केटररला देतो आणि काळ १७३० नंतरचा सांगतो. खरें काय असेल तें असो. ही कल्पना बाहेरून आली आणि अरण्यांतील लोकांनीं ती आपलीशी केली, एवढें निश्चित.

ती आपलीशी करण्यास तेथील परिस्थिति कारण झाली. जमीन डोंगराळ, हिंवाळा लांब, आणि शेताचे तुकडे न करतां तें एकाच मुलाकडे देण्याची वहिवाट. बाकीच्या मुलांनीं करावें काय? लांकूड मुबलक होतें, बर्फानें अडविलेले रिकामे महिने होते, आणि हातांत कसब होतें. सतराव्या शतकापासून तेथील शेतकऱ्यांच्या घरांत लांकडी चाकांचीं घड्याळें होऊं लागलीं. कोणी चाकें कापी, कोणी तबकडी रंगवी, कोणी घंटा ओती. विक्या मग पाठीवर लांकडी चौकट बांधून तीवर घड्याळें लादी आणि देशोदेशीं पायीं हिंडे. इंग्लंड, फ्रान्स, रशिया, पुढें अमेरिका, इतक्या दूरवर हा माल गेला.

कुकूचा आवाज ज्या युक्तीनें काढतात तीहि अशा घरगुती कारागिरीला शोभेशीच आहे. घड्याळाच्या पेटींत दोन लहान भाते असतात, आणि प्रत्येक भात्याखालीं एक लांकडी शिट्टी. दोन्ही शिट्ट्यांची लांबी सारखी नसते, म्हणून एकीचा सूर उंच व दुसरीचा खालचा. तास भरला कीं एक तार पहिला भाता उचलून सोडते, लगेच दुसरी तार दुसरा. भाते आपल्या वजनानें मिटतात, त्यांतील वारा शिट्ट्यांत शिरतो आणि 'कु-कू' असा आवाज होतो. पक्षी नुसता मान हालवितो. तो गात नसतो. साखळीला टांगलेलीं वजनें हळू हळू खालीं उतरतात, त्या ओढीनें चाकें फिरतात, आणि लंबक त्या फिरण्याला शिस्त लावतो. वजनें तळाला गेलीं कीं साखळी ओढून तीं पुन्हां वर चढवावयाचीं. साध्या घड्याळाला हें रोज करावें लागतें, चांगल्याला आठवड्यांतून एकदां.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या धंद्यावर मोठें संकट आलें. अमेरिकेंत यंत्रानें ढिगांनीं होणारीं स्वस्त घड्याळें युरोपच्या बाजारांत येऊं लागलीं, आणि हातानें काम करणाऱ्या कुटुंबांच्या मालाचा भाव घसरला. बाडेनच्या सरकारनें १८५० सालीं फुर्टवांगेन येथें घड्याळकामाची शाळा काढली आणि रोबेर्ट गेर्विग नांवाच्या स्थापत्यविशारदास तिचा मुख्याधिकारी नेमलें. गेर्विगला दिसलें कीं यंत्र जुनें असलें तरी चालेल, पण रूप नवें हवें. म्हणून त्यानें घड्याळाच्या पेटीसाठीं नवे नमुने मागविले. फ्रीड्रिख आयझेनलोर हा त्या वेळीं बाडेनच्या लोहमार्गाच्या इमारती बांधणारा शिल्पज्ञ होता. रुळांच्या कडेला पहारेकऱ्यासाठीं जें लहानसें उतरत्या छपराचें घर असे, तेंच त्यानें कागदावर छोटें करून काढलें, दर्शनीं तबकडी बसविली आणि भोंवतीं वेलीची पानें सोडलीं. लवकरच छपराखालच्या दारांत कुकू येऊन बसला. आइझेनबाखच्या योहान बाप्टिस्ट बेहासारख्या घड्याळजींनीं हा नमुना उचलला. १८६२ च्या सुमारास वजनांना देवदाराच्या बोंडांचा आकार आला. आज जगभर कुकूचें घड्याळ म्हटलें कीं जें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें, तें हेंच. तें पुरातन लोककलेंतून आपोआप उगवलें नाहीं. बुडत्या धंद्याला हात देण्यासाठीं योजून केलेलें तें काम होतें.

ह्याच गेर्विगच्या हातून आणखी एक गोष्ट घडली. काळ्या अरण्यांतून आगगाडीचा रस्ता नेण्याचें काम त्याच्याकडे आलें. डोंगर चढण्यासाठीं त्यानें रुळांना वळसे दिले, अनेक बोगदे खोदले, आणि १८७३ सालीं ट्रिबर्गावरून जाणारा तो लोहमार्ग पुरा झाला. तोंवर घड्याळें गिऱ्हाइकाच्या शोधांत पायीं निघत असत. आतां गिऱ्हाईक गाडींत बसून घड्याळांच्या गांवीं येऊं लागलें. ट्रिबर्गला धबधबा होता, थंड हवा होती, आणि परततांना बरोबर नेण्यासारखी एक वस्तु होती. प्रवासी आणि घड्याळ ह्यांची गांठ पडली ती तेव्हांपासून. आकार वाढविण्याचा विचार मात्र पुढच्या शतकांतला आहे.

वीस्बाडेन हें काळ्या अरण्याबाहेरचें शहर. दुसरें महायुद्ध संपल्यावर तेथें अमेरिकन सैन्याचा मोठा तळ पडला. देश हरलेला, चलनाला किंमत उरलेली नाहीं, बाजार उजाड; पण परदेशी शिपायांजवळ खर्चावयास पैसे होते आणि घरीं धाडण्यासाठीं त्यांना जर्मनीची एखादी खूण हवी होती. १९४६ सालीं तेथील एका भेटवस्तूंच्या दुकानदारानें आपल्या दुकानाच्या दर्शनीं एक भलें मोठें कुकूचें घड्याळ बसविलें. तें निव्वळ जाहिरात होतें, त्यांत लपविण्यासारखें कांहीं नव्हतें. पण दुकानाची ती पाटी शहरालाच आवडली, आणि जाहिरात म्हणून आलेली वस्तु पुढें शहराच्या खुणांपैकीं एक होऊन बसली.

त्यानंतर हें पांखरूं समुद्रापलीकडे गेलें. अर्जेंटिनांतील कोर्दोबा प्रांतांत सान रोके सरोवराच्या कांठीं विया कार्लोस पास नांवाचें हवा खाण्याचें गांव आहे. युद्धानंतर त्या देशांत आलेल्या जर्मन तंत्रज्ञांनीं तेथें सुमारें ७ मीटर उंचीचें एक घड्याळ उभारलें. २५ मे १९५८ ह्या दिवशीं, म्हणजे अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय सणाच्या मुहूर्तावर, तें लोकांना खुलें झालें. त्या गांवाचा आणि काळ्या अरण्याचा पूर्वीं कांहींएक संबंध नव्हता. तरी आज कार्लोस पासचें नांव काढलें कीं अर्जेंटिनांतील माणसाला आधीं तें घड्याळच आठवतें. तास भरण्याच्या सुमारास त्याच्यासमोर माणसें जमतात, लहान मुलांना खांद्यावर घेतात, पक्षी बाहेर येतो आणि जातो, आणि माणसें छायाचित्र काढून समाधानानें पांगतात. सहलीला येऊन त्या घड्याळाशेजारीं उभें न राहणें म्हणजे सहल अपुरीच राहणें, अशी तेथें समजूत आहे.

उत्तर अमेरिकेंतील दोन घड्याळें एकाच सुमारास उभीं राहिलीं, आणि तीं अगदीं वेगळें कांहीं शिकवितात. ओहायो प्रांतांत स्विस वंशाच्या लोकांची जुनी वस्ती असून त्यांचा पनीराचा धंदा प्रसिद्ध आहे. तेथें विल्मट गांवच्या एका उपाहारगृहाच्या आवारांत १९७२ मध्यें २३ फूट ६ इंच उंच आणि २४ फूट लांब असें घड्याळ बांधण्यांत आलें. अर्ध्या अर्ध्या तासानें कुकू ओरडतो, एक लांकडी जोडपें नाचतें आणि बाहुल्यांचा वाद्यवृंद वाजतो. पुढें तें उपाहारगृह बंद पडलें आणि घड्याळ उघड्यावर कुजूं लागलें. मोडीच्या भावानें तें नाहींसें व्हावयाचें. परंतु शेजारच्या शुगरक्रीक गांवानें तें आपल्याकडे आणलें, त्याची डागडुजी केली, आणि २०१२ सालीं तें गांवच्या मध्यवस्तींत पुन्हां चालूं लागलें. कुकूचें घड्याळ स्विस नव्हे, हें इतिहास सांगतो; पण स्विस आजोबांच्या नातवंडांनीं तें मोडूं दिलें नाहीं, ही गोष्टहि इतिहासांतच जमा झाली आहे.

दुसरें घड्याळ कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील किंबर्ली ह्या गांवचें. किंबर्ली खाणीवर जगत असे. तेथील सलिव्हन खाण शिसें आणि जस्त ह्यांच्या जगांतील मोठ्या खाणींपैकीं एक होती. पण पोटांतील धातु केव्हांतरी संपावयाचाच, हें खाणीच्या गांवाला नेहमीं ठाऊक असतें. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत किंबर्लीच्या लोकांनीं उद्यांचा विचार करून गांवाला बव्हेरियाचा वेष चढविला. दुकानांच्या दर्शनी भिंती आल्प्सच्या घरांसारख्या केल्या, मधला रस्ता वाहनांना बंद करून तेथें चौक केला, आणि चौकांत कुकूचें घड्याळ उभारलें. त्यांत कुकूऐवजीं 'हॅपी हान्स' नांवाचा एक हंसरा बाहुला बसविलेला आहे. नाणें टाकलें कीं तो बाहेर येऊन डोंगरी लोकांच्या धाटणीनें आलाप घेतो. खाण २००१ सालीं खरोखरच बंद झाली. एका घड्याळानें खाणीची जागा भरून निघाली असें म्हणणें वेडेपणाचें होईल. तरी संकट दाराशीं येण्यापूर्वींच त्या गांवानें दुसरें दार उघडून पाहिलें, ह्याचें तें घड्याळ साक्षी आहे.

आतां पुन्हां काळ्या अरण्याकडे वळलें पाहिजे. १९७० ते १९८० ह्या दशकांत स्फटिकाच्या कंपनांवर चालणारीं स्वस्त विजेचीं घड्याळें आलीं आणि तेथील जुन्या कारखान्यांना टाळीं लागूं लागलीं. एकोणिसाव्या शतकांतील संकट दुसऱ्या रूपानें परत आलें. ह्याच काळांत शोनाखच्या योझेफ डोल्ड ह्या घड्याळजीनें सुमारें तीन वर्षें खपून ५० पट मोठें घड्याळ बांधलें, तें १९८० सालीं पुरें झालें. पुढें ट्रिबर्गच्या हद्दींत एब्ले कुटुंबानें ६० पट मोठें घड्याळ उभारलें. त्याच्या यंत्राची उंची व रुंदी प्रत्येकीं साडेचार मीटर आणि वजन ६ टन; लंबक ८ मीटर लांब; कुकू साडेचार मीटरांचा आणि १५० किलोग्रॅमांचा.

साठ पट मोठें करणें म्हणजे प्रत्येक मापाला साठानें गुणणें, इतकें तें सोपें नाहीं. लांबी ६० पट झाली तर भरीव वस्तूचें वजन साठाच्या घनानें, म्हणजे २,१६,००० पट वाढतें. पांच ग्रॅमांचें लांकडी पांखरूं तसेंच वाढविलें तर तें १००० किलोग्रॅमांच्या वर जाईल, आणि त्याला दाराबाहेर ढकलावयास बैल जोडावे लागतील. लंबकाची गोष्ट ह्याहून मजेची आहे. लंबक ६० पट लांब केला तर त्याच्या झोक्याला लागणारा वेळ ६० पट वाढत नाहीं. साठाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे पावणेआठ पट वाढतो. घरांतील लंबक एक फेरा पाऊण सेकंदांत पुरा करीत असेल, तर ८ मीटरांच्या लंबकाला पावणेसहा सेकंद लागतात. तेव्हां चाकांचे दांते मूळच्याच हिशेबानें ठेवले, तर त्या घड्याळाचा एक तास पावणेआठ तासांचा होईल! म्हणून एवढें यंत्र बरोबर चालवावयाचें, तर वजनांचा आणि दांत्यांचा हिशेब नव्यानें मांडावा लागतो. नुसत्या हौसेचें हें काम नव्हे. हातचें काम निरुपयोगी झालें असें जग सांगत असतां, तें कसब कोणालाहि आंत शिरून पाहतां यावें एवढें मोठें करून दाखविलें गेलें.

येथें एक वर्तुळहि पुरें झालें. १८५० सालीं आयझेनलोरनें एका घराचें घड्याळ केलें. १९८० सालीं डोल्डनें त्या घड्याळाचें पुन्हां घर केलें.

ह्या सर्वांवर सुज्ञ लोक एक आक्षेप घेतात, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. हीं घड्याळें म्हणजे बाजारी देखावे होत, त्यांत खरेपणा नाहीं, असें ते म्हणतात. किंबर्लीला बव्हेरिया कशाला? अर्जेंटिनांत काळें अरण्य कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो पुढें चालविला तर मूळ घड्याळावरच येऊन पडतो. तें तरी काळ्या अरण्याचें कोठें होतें? त्याचें बीज सॅक्सनीच्या दरबारांतील, त्याची वार्ता बोहेमियन व्यापाऱ्याची, त्याचा आकार लोहमार्गाच्या चौकीचा. कुकू हा आमच्या कोकिळेचाच जातभाई. दोघेहि स्वतःचें घरटें बांधीत नाहींत. कोकिळा कावळ्याच्या घरीं अंडें ठेवते, म्हणून संस्कृतांत तिला परभृता म्हणतात. हें घड्याळहि तसेंच परभृत आहे. तें जेथें जेथें वाढलें तें परक्या घरट्यांतच वाढलें. फरक इतकाच कीं, कावळीला फसवून तिच्याकडून कष्ट करून घेतले जातात, आणि ह्या गांवांनीं आपण काय करीत आहों हें समजून उमजून तें अंडें उबविलें.

म्हणून अशी वस्तु गांवची खरी कीं खोटी, हें ती कोठून आली ह्यावरून ठरत नाहीं. विल्मटचें घड्याळ ज्या दिवशीं कुजूं लागलें त्या दिवशीं तें केवळ एका बंद पडलेल्या दुकानाचें लांकूड होतें. शुगरक्रीकच्या लोकांनीं त्याचीं चाकें पुसून तीं फिरविलीं, तेव्हां तें गांवचें झालें. कार्लोस पासचें घड्याळ परक्या हातांनीं बांधलें, पण तेथील पिढ्यांनीं आपल्या मुलांना त्यासमोर उभें केलें, म्हणून तें त्यांचें. घड्याळ कितीहि मोठें असो, त्याचीं वजनें तळाला जातातच. तीं कोणीतरी पुन्हां वर चढवावीं लागतात. आणि तें काम जो करीत राहतो, घड्याळ त्याचें.